सोनाराकडे निघालेली निब

जय जिनेंद्र, मंडळी! निपाणीतल्या जैन घरात बारा वर्षं काढल्यावर नमस्कार असाच तोंडात येतो. मी फाउंटन पेन. अंग काळ्या एबोनाइटचं, म्हणजे कडक रबराचं, निब सोन्याची, आणि तिचा मला गर्व आहे हे आधीच कबूल करतो.

जन्म विलायतेतला. बोटीने मुंबईला उतरलो, तिथून बेळगावच्या कँपातल्या एका दुकानात. निपाणीचे तंबाखूचे व्यापारी पद्मराज अण्णा तिथे आले. त्यांनी मला उजेडात धरलं, निब नखावर हलकेच टेकवली आणि म्हणाले, "ह्ये घेतलं." किंमत मागाहून विचारली!

अण्णांना पेनांची भारी हौस. सागवानी पेटीत, तांबड्या मखमलीवर आम्ही सातजण. रविवारी वखार बंद असली की ते आम्हाला पुसत, शाई भरत आणि प्रत्येकाकडून एकेक ओळ लिहून बघत. एकाची रेघ बारीक, एकाची जाड. माझी मात्र दाबलं की फुगायची, सोडलं की निमुळती व्हायची. "लोण्यागत चालतंय," असं ते मला म्हणाले होते. एवढं कौतुक वाट्याला आलं, ते मी विसरलेलो नाही.

पण अण्णा जसे पाणी गाळल्याशिवाय पीत नसत, तशी शाईही गाळल्याशिवाय भरत नसत. पाण्यात वड्या विरघळवून केलेली शाई, त्यात जीवजंतू असणारच, असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांनी गाळायला नवंकोरं खादीचं फडकं घेतलं. त्याचं सूत शाईबरोबर माझ्या पोटात गेलं आणि निबेखालच्या जिभेत अडकलं. माझी वाचाच बसली. अण्णांनी झटकलं, धुतलं, चिडले आणि शेवटी मला पेटीच्या तळाशी टाकलं.

पुढच्या पर्युषणात अण्णांनी मुनिमहाराजांसमोर नेम घेतला. परिग्रह कमी करायचा, पेन एकच ठेवायचं. घरी येऊन पेटी उघडली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. सोनेरी पट्ट्यांचं थोरलं पेन त्यांनी स्वतःला ठेवलं, पाच पेनं शाळामास्तरांना द्यायची ठरवली. उरलो मी.

धाकटे भाऊ भुजबली म्हणाले, "अण्णा, ह्ये तर चालतच न्हाय. निब तेवढी सोन्याची हाय, ती काढून सोनाराकडं देऊया."

सोनाराकडे म्हणजे थेट मुशीत! माझी तर बोबडीच वळली असती, पण बोलायची सोय कुठे होती?

"थांबा की जरा." तांदूळ निवडत बसलेल्या कमलाबाई, अण्णांच्या पत्नी, उठल्या. त्यांनी मला डोळ्यांजवळ धरलं आणि सुईच्या टोकाने ते सूत अलगद ओढून काढलं. "अहो, शाई कशानं गाळली हुती?"

"नव्या फडक्यानं."

"नवं फडकं धुतल्याबिगर वापरत्यात व्हय? सूत सोडतंय त्ये."

मला शाईत बुडवून त्यांनी जुन्या वर्तमानपत्राच्या कडेला रेघ ओढली. फुगली, निमुळती झाली! अण्णांचा हात पटकन पुढे आला आणि तसाच मागे गेला. "माझा नेम झालाय गं. एकच."

"नेम तुमचा. मी कुठं घेतलाय? माझ्याकडं एकबी पेन न्हाय."

भुजबली खो खो हसत सुटले. मग अण्णाही.

कमलाबाई चौथी शिकलेल्या. पण बोरगावच्या थोरल्या बहिणीला, आक्काला, जाणारं कार्ड अण्णाच लिहीत, त्यांचं अक्षर वळणदार म्हणून. बाई शेजारी बसून सांगत. नवऱ्यासमोर बसून काय सांगणार? 'आम्ही सर्व खुशाल.' त्या दुपारी मात्र त्यांनी माझ्याकडून चार पानं लिहून घेतली.

"एवढं काय लिवलंस?" अण्णांनी विचारलं.

"तुमची खुशाली."

काय लिहिलं होतं ते मी सांगणार नाही. आठ दिवसांत आक्का स्वतः गाडी जुंपून आल्या आणि दोघी बहिणी माजघरात दार लावून बसल्या, एवढंच सांगतो. तेव्हापासून बोरगावची पत्रं माझ्याच निबेतून जातात.

आता सत्तेचाळीस साल उजाडलंय. माझी क्लिप तुटली, टोपणाला चीर गेली. हौशी लोकांनो, पेनं जमवा, मखमलीवर ठेवा, डोळे भरून बघा. पण लिहा हो! नुसत्या बघण्याने आमचं पोट भरत नाही.

परवा रविवारी अण्णांनी मला मागून घेतलं. दोन ओळी लिहिल्या. निब करकरली, शाई तुटली. इतक्या वर्षांत ती बाईंच्या हाताच्या कलाने झिजली आहे. दुसऱ्या हाताला ती आता वळत नाही. अण्णांनी पुन्हा पुन्हा बघितलं, हसले आणि मला परत देत म्हणाले, "ह्ये आता तुझंच झालं गं."