वेलीकडचा तुकडा

वाडीवरून कर्जतच्या बाजाराला जायला गजाचा जुना टेंपो, माणशी तीस रुपये. गेल्या महिन्यात एका ठेकेदाराच्या दोन नव्या गाड्या सुरू झाल्या. भाडं दहा, वर भाजीची पाटी फुकट. तेव्हापासून गजाच्या टेंपोत वाराच बसून जायचा.

"रविवारी विकून टाकतो," गजा म्हणाला, तशी वनिता ओशाळली. महिनाभर तीही नव्या गाडीनेच जात होती. पण तिची सासू हिरू गुडघ्यांमुळे सावकाश उतार उतरायची, नि तिच्यासाठी थांबायचा तो गजाच.

शनिवारी वाडीतल्या मुलांना शिकवायला तनया आली. ती नेरळची, अर्थशास्त्र शिकणारी. वनितानं तिला गाठलं. "ताई, असं भाडं पाडून दुसऱ्याला बुडवायचं, याला काय कायदा नाय का?"

"आहे की. पूर्वी असले कायदे बघायचे, गाडीवाले किती उरले. मग अर्थशास्त्रवाले म्हणाले, गिऱ्हाइकाला स्वस्त मिळतंय ना, मग तक्रार कसली?"

"खरंच हाय की त्यांचं."

"आता त्यांच्यातलेच काही विचारतात, हा तोटा सोसून गाडी का चालवतो? दुसरा धंद्यातून उठला की भाडं किती करील? पण ते सिद्ध व्हायला वर्षं जातात."

"गजा तर उद्याच उठतोय."

हिरू ओट्यावर कंदाची माती झाडत होती. "काय गं वनिता, कंद खणलास तो समदा आणलास का?"

"नाय. वेलीकडचा तुकडा परत पुरला."

"का? तो बी गोडच लागला असता."

"मंग पुढल्या साली काय खणू?"

"एवढं कळतं, तर गजाला का मुळासकट उपटता गं?"

तनया हसली. "आजी, माझ्या सरांना तीन तास लागले हे सांगायला."

संध्याकाळी वनिता घरोघर फिरली. ठरलं, निम्म्या बायांनी एका बाजाराला गजाकडे, पुढच्या बाजाराला नव्या गाडीत; उरलेल्यांनी उलट. एक-दोघी कुरकुरल्या, पण तयार झाल्या.

रविवारी पहाटे टेंपोत नऊ पाट्या चढल्या. गजा बघतच राहिला. "समद्याच या की माझ्याकडं. त्याला घालवू."

"तो बी राहू दे," वनिता म्हणाली. "नायतर तू शेफारशील. आन भाडं पंचवीस कर."

गजा पुटपुटला, पण मान हलवली. मग इंजिन बंद करून उताराकडे बघत बसला. हिरू अजून अर्ध्यावर होती.