पहिलं बोट

अन्नपूर्णाबाईंचं तोंड धाड गावच्या बाजारातल्या भाजीवाल्यांना चांगलं ठाऊक होतं, दवाखान्यातल्या लोकांना नव्हतं. नातू झाला त्याच दिवशी बाईंनी ही उणीव भरून काढली. सून प्रतीक्षा खाटेवर होती, बाळ तिच्या कुशीत होतं आणि समोर गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक बाई हसत उभी होती.

"मी महामाया, मावशी. दवाखाना आन गावातल्या आमी बाया मिळून हे काम करतो, आमाले 'सख्या' म्हनतात. बाळाले पाजायले काही अडचन आली त मले हाक मारा."

"पाजायची शिकवनी?" अन्नपूर्णाबाईंनी तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "उद्या हागायचीही लावसान. आमी काय लेकरं मेथीच्या भाजीवर वाढवली?"

मग त्यांनी तिचं आडनाव विचारलं. ते ऐकल्यावर महामायाची वस्ती गावाच्या कुठल्या टोकाला असेल हे त्यांना कळलं आणि त्यांनी आपला पाण्याचा तांब्या उचलून खाटेच्या पलीकडे ठेवला. गुपचूप नव्हे, चांगला तिच्या डोळ्यांदेखत.

बाईंच्या पिशवीत मधाची बाटली होती. त्यांच्याकडची रीत अशी, की बाळाला पहिलं बोट ज्याचं चाटवावं त्याच्या वळणावर बाळ जातं. त्यामुळे बोट निवडताना सोयरीक जमवण्याइतकी चौकशी व्हायची. बाईंनी आपलं बोट केव्हाच हेरून ठेवलं होतं. नारायणराव, ह्याच दवाखान्याच्या ट्रस्टचे अध्यक्ष. कापसाच्या दोन जिनिंग, पांढरी गाडी, मागे-पुढे माणसं. नातवानं त्यांच्या वळणावर जावं, एवढंच म्हातारीचं देवाकडे मागणं होतं.

"मध नको, मावशी," महामाया म्हणाली. "सहा महिने आईचंच दूध. पानीसुद्धा नाही."

"आई, छकुलीच्या वेळचं आठवा ना," प्रतीक्षा हळूच म्हणाली.

छकुली ही तिची थोरली. तिला आधी मध चाटवला, मग पाणी, मग दुधाची बाटली, मग हगवण लागली आणि पोर बुलढाण्याला सलाईनवर जाऊन मरता मरता वाचली. बाईंनी पिशवीत घातलेला हात काढून घेतला. मधाची बाटली मात्र पिशवीतच राहिली.

बाळ काही धड पिईना. तोंड लावायचं, सोडायचं, किंचाळायचं. दुपारपर्यंत त्याच्यात रडायचंही बळ उरलं नाही आणि प्रतीक्षाच रडायला लागली. "दूधच नाही तुले," बाई म्हणाल्या. धीर देणं हा गुण देवानं त्यांच्या वाट्यालाच दिला नव्हता.

महामाया हात धुऊन प्रतीक्षाजवळ बसली आणि कसं दाबायचं ते दाखवून तिनं वाटीत घट्ट पिवळा चीक काढवून घेतला.

"हे घान दूध आमी फेकून देतो," बाई म्हणाल्या.

"म्हशीचा चीक फेकता काय, मावशी? त्याचा त आळीभर खरवस वाटता."

बाईंनी पदर झटकला. महामायानं धुतलेल्या करंगळीवर थेंब घेऊन बाळाच्या ओठांना लावला. बाळानं जीभ बाहेर काढली आणि ते बोट चोखलं. मग चमच्यानं थोडं थोडं करत वाटी रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी बाळ आईला असं घट्ट लागलं की प्रतीक्षा रडता रडता हसली. कौतुक बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळून टाकलं.

आणि मग आलं सख्यांच्या ह्या कामाचं उद्घाटन. काम कित्येक महिने चालूच होतं, पण नारळ फुटल्याशिवाय काम सुरू झालं असं आपल्याकडे कोण मानतं? दवाखान्याच्या हॉलमध्ये भलंमोठं बॅनर लागलं. त्यावर नारायणराव दारापेक्षा मोठे, बाळ लिंबाएवढं, आणि सख्या कुठेच नाहीत. सख्यांच्या नावानं कार्यक्रम, म्हणून सख्यांकडे चहा वाटायचं काम दिलं होतं. प्रतीक्षाला बाळासकट सोफ्यावर बसवलं होतं, शोभेला.

डॉक्टर योगिनी मॅडमनी फार सुंदर भाषण केलं. मध नाही, पाणी नाही, घुटी नाही, फक्त आईचं दूध! टाळ्या पडल्या. टाळ्या थांबतात न थांबतात तोच सूत्रसंचालक गरजला, "आता माननीय अध्यक्षांच्या शुभहस्ते बाळाला मधाचं पहिलं बोट!"

'बाळाला मध देऊ नका' असं भिंतीवर रंगवलेलं होतं, त्याच्याच खाली चांदीची वाटी आली. योगिनी मॅडमना नेमकं तेव्हाच मोबाइलमध्ये काहीतरी अतिशय महत्त्वाचं सापडलं.

नारायणराव उठले. तळहातावर तंबाखू मळणं चाललं होतं, ते त्यांनी पुरं केलं, चिमूट ओठाखाली दाबली, बोट रुमालाला पुसल्यासारखं केलं आणि मधात बुडवलं.

"साहेब, मध नका देऊ बाळाले," मागून महामायाचा आवाज आला.

"तू चहाचं पाहा," व्यवस्थापक खेकसला.

प्रतीक्षानं बाळाला छातीशी आवळलं आणि सासूकडे पाहिलं. छकुलीच्या वेळीही तिनं असंच पाहिलं होतं, आणि तेव्हा अन्नपूर्णाबाईंनी स्वतःच मधाची बाटली पुढे केली होती. आज त्यांना हवं होतं ते बोट आपल्या पायानं चालत आलं होतं. मधात भिजलेलं, तंबाखूनं पिवळं पडलेलं. बाईंना किळस आली. साहेबांचीही आणि स्वतःचीही.

"बोट मांगं घ्या," त्या उठून म्हणाल्या.

"अहो आजी, हा तर मान आहे," नारायणराव हसले. "पहिलं बोट..."

"पहिलं बोट लागून गेलं."

"कोणाचं?"

"तिचं." बाईंनी चहाच्या ट्रेकडे हात केला. "महामायाचं. माहा नातू आता तिच्या वळनावर जाईन. जाऊ द्या. तुमी भिजवलं ते तुमीच चाटा."

फोटोवाल्यानं सवयीनं बटण दाबलं. मध ठिबकून साहेबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडला. मॅडमनी मोबाइलमधून मान वर काढली आणि पुन्हा खाली घातली.

बाळ कुरकुरायला लागलं, तशी ट्रे खाली ठेवून महामाया गर्दीतून पुढे आली. बाईंनी पदर पसरून प्रतीक्षाला आडोसा केला. आपण आज फार मोठं काम केलं असं त्यांना वाटत होतं, आणि ते पुरतं करावं म्हणून त्यांनी सोफ्याजवळचा आपला तांब्या उचलून महामायापुढे धरला.

"पे आधी. सकाळपासून उभी हायेस."

महामायानं तांब्याकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"माही तहान तुमाले आज दिसली काय, मावशी?"

एवढं बोलून ती बाळाची मान नीट धरायला वाकली. बाळ प्यायला लागलं. तांब्या अन्नपूर्णाबाईंच्याच हातात राहिला.