प्रतापरावांची शंका

प्रतापराव मागच्या खोलीच्या भिंतीला नाक लावून उभे होते. आधी उजवी भिंत हुंगून झाली, मग डावी. आनंदीबाई दारातून ते बघत होत्या. उद्या घराच्या विक्रीची रजिस्ट्री आहे, एवढ्याच विचाराने त्यांनी तोंड आवरून धरलं होतं.

"चुना कधी दिला होता?" प्रतापरावांनी विचारलं.

"दिवाळीत. हुंगून कळलं नाही?"

"आनंदीबाई, अहो शेवटचं बघून राहिले ते," दलाल नाना ओट्यावरून ओरडला. "बघू द्या ना!"

शेवटचं बघण्याची ही चौथी खेप होती. पहिल्या खेपेला मागच्या खोलीत ऊन किती वाजेपर्यंत असतं ते विचारलं. दुसऱ्या खेपेला विहिरीचं पाणी बाटलीत भरून नेलं. तिसऱ्या खेपेला खिडकीबाहेर हात काढून वारा कुठून येतो ते पाहिलं. मे महिन्यात अंगात बंद गळ्याचा कोट, खिशाला दोन पेनं. मध्य भारत सरकार सहा महिने ग्वाल्हेरला आणि सहा महिने इंदूरला. हे हेडक्लार्क त्याच्यामागे बिऱ्हाड घेऊन फिरणार. असल्या माणसाला घर कशाला हवं, एक ट्रंक पुरे, असं आनंदीबाईंना वाटे.

तीस वर्षं त्या जनाना दवाखान्यात नर्स होत्या. नवरा त्यांच्या तेराव्या वर्षीच वारला होता. पुरुष त्यांनी पाहिले ते बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभे असलेले. आत बाई जिवानिशी झुंजत असायची आणि बाहेर हे घड्याळ हातात घेऊन जन्मवेळ विचारायचे. पुरुषजातीविषयी त्यांचं मत तिथेच कायम झालं होतं, आणि त्यात फेरफार करण्याचं कारण पुढे कधी पडलं नाही. जुनी इंदूर भागातलं हे दोन खोल्यांचं घर त्यांनी स्वतःच्या पगारातून बांधलं होतं. विकायचं मनात नव्हतं. पण दवाखान्यातली जोडीदारीण यशोधरा राऊ गावी अर्धांगाने पडून होती, आणि तिला पाणी पाजायलाही कुणी नव्हतं. तिच्याजवळ जाऊन राहायचं, तर हे घर मोकळं करायलाच हवं होतं.

प्रतापराव अंगणात आले. रुमाल नाकाशी होता. "एक बात कानावर आली, बाई. या खोलीत कुणी... क्षयाने गेलं होतं म्हणे?"

"कुणी सांगितलं जी?" नाना ताडकन उठला. "गल्लीतले लोक काहीही फालतू..."

"खरं आहे," आनंदीबाई म्हणाल्या. "बेबी नाव तिचं. गिरणीतल्या मुकादमाची, जॉबरची बायको. खोकल्यातून रक्त पडलं तशी नवऱ्याने दवाखान्याच्या पायरीवर आणून सोडली. मी घरी आणली. पाच महिने त्या खोलीत होती, तिथेच गेली. आठ वर्षं झाली."

प्रतापरावांचा चेहरा उतरला. त्यांनी बसायला दिलेली खुर्ची मागे सरकवली.

आनंदीबाईंच्या मते हे सोंग होतं. गिऱ्हाईक शेवटच्या दिवशी का बिचकतं ते कळण्याइतकं जग त्यांनी पाहिलं होतं. "किती कमी करायचे ते सरळ बोला ना," त्या म्हणाल्या. "मेलेल्या बाईच्या आडून कशाला बोलता?"

"तसं नाही, बाई..." प्रतापराव एवढंच बोलले आणि जोडे धड पायात न घालता निघून गेले.

नानाने कपाळाला हात लावला. "एक खोटं बोलला असता तुम्ही, तो काय बिघडलं असतं?"

"तिला लपवणारे काय कमी होते, म्हणून मीही लपवू?"

दुसऱ्या दिवशी अकरापासून तीनपर्यंत त्या नानाबरोबर रजिस्ट्री कचेरीच्या बाकावर बसून राहिल्या. प्रतापराव आले नाहीत, चिठ्ठीही आली नाही. गुडघे धरले होते, आणि राग डोक्यात भणभणत होता. शेवटी उठल्या, टांगा केला आणि मल्हारगंजात प्रतापरावांच्या भाड्याच्या खोलीवर गेल्या. त्यांनी आगाऊ दिलेल्या विसाराचं पाकीट त्यांच्या तोंडावर टाकायचं आणि चार शब्द सुनवायचे, ते चार शब्द वाटेत घोटून तयार केले होते.

दार त्यांच्या बायकोने, मंजिरीने उघडलं. ती काही बोलायच्या आत आनंदीबाई आत शिरल्या.

खोली एकच, खिडकी एकच, तीही शेजारच्या भिंतीवर उघडणारी. पलंगावर सात-आठ वर्षांची मुलगी पडली होती. प्रतापराव स्टोव्हपाशी उकिडवे बसून पातेल्यात एक पेला आणि एक ताटली उकळत होते. अंगात नुसती बंडी होती.

आनंदीबाईंनी मुलीकडे एकदाच पाहिलं. गालांवर चढत्या तापाचा लालपणा, गळ्याशी वर आलेली हाडं, तेलकट कपाळ. घोटलेले चारही शब्द नाहीसे झाले.

"कधीपासून?"

"होळीपासून," प्रतापराव म्हणाले. "संध्याकाळी ताप चढतो. छातीच्या फोटोत डाव्या बाजूला छाया आली. डॉक्टर म्हणाले, ऊन-वारा असलेलं घर बघा, चांगलं पाणी बघा. कुणाला सांगितलं नाही. घरमालकाला कळलं तर आजच सामान रस्त्यावर येईल." त्यांनी चिमट्याने पेला उलटला. "आणि तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही तरी दिलं असतं का घर?"

दिलं असतं, हे आनंदीबाईंना ठाऊक होतं. पण काल जे बोलून बसल्या होत्या, ते आता त्यांनाच टोचलं.

"रात्रभर एकच डोक्यात," प्रतापराव खाली बघत म्हणाले. "आपल्या हाताने उषाला त्याच खोलीत नेऊन निजवायची. माझ्याने निघवलंच नाही आज. त्या बाई पाच महिने होत्या... तुम्हाला नाही झालं?"

"नाही. आठ वर्षं मी त्याच खोलीत झोपते आहे. ती गेली तेव्हा भिंती खरवडून चुना दिला, गाद्या जाळल्या. भिंतीत काही राहत नाही. दार-खिडकी बंद ठेवली, की दुखणं माणसापाशी राहतं. आणि बेबीच्या वेळी नव्हती ती क्षयावरची सुई आता निघाली आहे. दवाखान्यात मला अजून ओळखतात, मी बोलते."

मंजिरी पदर तोंडाशी धरून भिंतीला टेकली. प्रतापराव शाळेतल्या मुलासारखे ऐकत होते. मग स्टोव्ह बंद करून उठले.

"नानाला सांगा, सोमवारची तारीख घ्या. ठरलं तेवढ्यालाच. फक्त उषाचा पलंग तिथे कुठे लावायचा, ते तेवढं येऊन दाखवा."

"दाखवीन. आधी मुलीला बघू दे."

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. उषाने न विचारता हात पुढे केला. हात तपासून घ्यायची तिला सवय झाली होती. आनंदीबाईंनी मनगटावर बोटं ठेवली आणि कोनाड्यातल्या घड्याळाकडे पाहत ठोके मोजू लागल्या. नवरा-बायको पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभे राहिले. मिनिट झालं. आकडा कळला, हवा त्याहून बराच मोठा होता. तरी त्यांनी हात सोडला नाही, मान वर केली नाही. ओठ हलवत पुन्हा एकपासून मोजायला सुरुवात केली.