चौसष्ट कोअरची रांग

आठ महिन्यांपूर्वीच्या त्या पत्राला त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. विसरले मात्र नव्हते. रोज आठवे आणि रोज ते उद्यावर ढकलत. ऑपरेटिंग सिस्टिमच्या नेटवर्क भागाने किती मेमरी अडवली, हे मोजणारा कोड त्यांनीच तरुणपणी लिहिला होता. त्यात कुणी बदल सुचवला, की होकार अजून त्यांचाच लागे.

पत्र एका अनोळखी मुलीचं होतं. "सर, चौसष्ट कोअरच्या मशीनवर एकाच वेळी राबायचं सोडून सगळे कोअर तुमच्या एका आकड्यापाशी रांग लावून ताटकळतात. प्रत्येकाला स्वतःचा छोटा आकडा देऊ या. तो ठरावीक मापापुढे गेला, की मगच मोठ्या आकड्यात मिळवायचा."

कल्पना पटली, तिथेच पंचाईत झाली. मधल्या काळात मोठा आकडा थोडा चुकीचाच असणार. नेमकी तेव्हाच मेमरी संपली तर? खापर त्या मुलीवर फुटेल, असं ते स्वतःला समजावत.

आज दुपारी तिचं दुसरं पत्र आलं. "संध्याकाळपर्यंत कळलं नाही, तर बदल मागे घेते. वर्षभराचं काम आहे, पण तुम्हाला त्रास नको."

"अहो, पाय हलवू नका, टेबल हलतंय," समोर मटार सोलत बसलेली बायको म्हणाली.

"एकदा तपासतो."

"आठ महिने तपासताय. लग्नाला होकार द्यायलाही इतके लावले नव्हते."

"तेव्हाही घाबरलोच होतो."

"ठाऊक आहे. वाट मीच बघत होते."

ते उठून आतल्या खोलीत गेले. हिशेब केला: प्रत्येक कोअरमागे एक, म्हणजे जास्तीत जास्त चूक चौसष्ट मेगाबाइट. मोठा आकडा ज्या मर्यादेपुढे गेला, की नेटवर्कला आणखी मेमरी द्यायची नाही, ती शोधायला त्यांनी आपलाच जुना कोड उघडला. मर्यादेशेजारी बावीस वर्षांपूर्वीची त्यांचीच टीप होती: 'तूर्तास अंदाजाने. नंतर नीट ठरवू.'

नंतर कुणीच ठरवली नव्हती.

त्यांचे कान तापले. इतकी वर्षं एकेक बाइट मोजून ते आपल्याच अंदाजाशी ताडून बघत होते, आणि त्यापायी चौसष्ट जणांना रांगेत उभं केलं होतं.

त्यांनी लिहिलं, "तुमचा बदल बरोबर आहे. माझा होकार. उशीर माझ्या भित्रेपणामुळे झाला. मर्यादा मी अंदाजाने ठरवली होती. ती नीट करायला मदत कराल का?" पुढे 'पण' आला होता. तो खोडला. सगळ्यांना दिसेल अशा ईमेल-यादीवरच त्यांनी उत्तर पाठवलं, आणि आपला पाय हलायचा थांबला की नाही हे बघायला खाली वाकले.