पायांवरची आंघोळ

"आई म्हणजे जवळचं नातं नाही म्हणे!" मी फोन सोफ्यावर आपटला. "मग कोण जवळचं? पोस्टमन?"

"नियमच आहे गं तसा. नवरा-बायको आणि मुलं, बस्स," सिद्धार्थ, माझा नवरा, बिचकत म्हणाला.

कोविडने ऑस्ट्रेलियाची दारं बंद केलेली. पुण्याहून आईला इथे यायची खास परवानगी पुन्हा नाकारली होती. मला नववा लागलेला. आमच्या पॉइंट कुक उपनगरात ऐन जुलैत कडाक्याची थंडी, त्यात लॉकडाऊन. माझं बाळंतपण करणार कोण?

"मी आहे की," बाबा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले.

हसावं की रडावं, कळेना. बाबा आले होते दोन महिन्यांसाठी; विमानं बंद झाली आणि व्हिसा वाढवत इथेच अडकले. सासूबाई केव्हाच गेलेल्या. साताऱ्याचे पीटीचे मास्तर हे. आवाज मैदानभर, पण उभ्या जन्मात स्वतःचा चहा केलेला नाही.

माणूस मात्र हट्टी. रोज आईला व्हिडिओ कॉल. "विहीणबाई, डिंक किती फुलू द्यायचा?"

"पद्माकरराव, आधी गॅस बारीक करा!"

एकदा पाहते तर बाबा बाथरूममध्ये पाय पसरून बसलेत आणि नडग्यांवर कणकेची पिशवी पालथी. आंघोळीचा सराव! सिद्धार्थ हसून लोळला.

मुलगी झाली. बाबांनी तिला पायांवर घेतलं तेव्हा माझा जीव टांगणीला. पण त्यांनी तेल इतकं हलकं जिरवलं, की पोरीने हूं की चूं केलं नाही. बापरे! हे बाईच्याच हातात असतं, असं मी धरून चालले होते. मी पाहतच राहिले.

नोव्हेंबरात नियम बदलला. आईवडीलही जवळचे ठरले. आई आली ती हात धुऊन, पदर खोचून थेट बाथरूमच्या दारात. आत आंघोळ चाललेली.

"या विहीणबाई," बाबा उठू लागले. "हा मान तुमचा. माझं काम संपलं आता." एवढा मोठा आवाज, पण शेवटी अगदीच बारीक झाला.

आई पोरीकडे बघत राहिली. मग त्यांच्या हातात शांत पडलेल्या तिच्या मानेकडे.

"बसा हो," ती म्हणाली. "मी नुसतं पाणी घालते."

बाबांनी पोरीच्या कपाळावर आडवा हात धरला, डोळ्यांत पाणी जाऊ नये म्हणून. आईने तांब्या भरला आणि त्या हातावर सावकाश ओतला.