विमानात गार्ड कुठे बसतो?

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुण्याहून मंदाआत्यांचा फोन आला. त्या चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि फोनवर ‘हॅलो’ म्हणत नाहीत.

“श्याम, यंदा येतो का नाही?”

“पाहू, ताई,” माझे सासरे म्हणाले. “कंबर जरा...”

“कंबर तुझी, ताट माझं. दोन वर्षं घासूनपुसून ठेवलं अन् तसंच उचलून ठेवलं. यंदा नाही आलास तर सरळ चंद्राला ओवाळते. माणूस तिथं जाऊन परत आला, अन् तुले पुण्यापर्यंत येता येत नाही!”

फोन बंद झाला. बाबांनी तो पालथा ठेवला आणि खिडकीतून रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्याच्या गल्लीकडे बघत बसले.

ज्या बाईला भाऊ नाही, किंवा असून येत नाही, ती भाऊबिजेच्या संध्याकाळी चंद्राला ओवाळते. मला भाऊ नाही. त्यामुळे मी लहानपणापासून चंद्रालाच ओवाळते आहे आणि माझी त्याच्याबद्दल तक्रार नाही. तो वेळेवर येतो. ओवाळणी घालत नाही, एवढंच. पण आत्याबाईंना भाऊ होता, आणि सत्तर वर्षांत त्याची एकही भाऊबीज चुकली नव्हती. मागच्या दोन चुकल्या, त्या बाबांच्या मणक्याच्या ऑपरेशनमुळे. डॉक्टरांनी सांगितलं होतं की एका बैठकीत दोन तासांच्या वर बसायचं नाही आणि रेल्वेचे धक्के तर अजिबात नाहीत.

रायपूर ते पुणे रेल्वेने अठरा-वीस तास. विमानाने पावणेदोन. गणित सोपं होतं. बाबा सोपे नव्हते. छत्तीस वर्षं त्यांनी रेल्वेत गार्ड म्हणून काढली होती. आता त्या हुद्द्याचं नाव बदललं आहे, पण घरात ते नवं नाव कोणी घेत नाही.

“ज्याच्या खाली रूळ नाही, त्याले मी गाडी म्हणत नाही,” असं त्यांनी मागेच जाहीर केलं होतं.

मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. माणसाला न समजलेल्या गोष्टीची भीती वाटते, समजली की ती जाते, असा माझा समज होता. म्हणून मी ठरवलं की रोज संध्याकाळच्या चहाबरोबर बाबांना विमानाचा इतिहास सांगायचा. पहिल्या फुग्यापासून, टप्प्याटप्प्याने. जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूवर आकृत्या काढायच्या. माझा नवरा पुष्कर शहराबाहेरच्या उरला वसाहतीतल्या कारखान्यातून ड्यूटी करून आला की तो श्रोत्यांत सामील व्हायचा, पण त्याचं लक्ष चिवड्याकडे असायचं.

पहिल्या दिवशी मी १७८३ सालच्या गरम हवेच्या फुग्यापासून सुरुवात केली. फ्रान्सच्या राजासमोर तो फुगा उडाला आणि त्यात एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा बसवले होते.

“मेंढीले विचारलं होतं काय?” बाबा म्हणाले.

“नाही.”

“मले विचारून राहिले तुम्ही. हा फरक आहे.”

“पण बाबा, तिघंही जिवंत उतरले. फक्त कोंबड्याच्या पंखाला लागलं, तेही मेंढीने लाथ मारली म्हणून, असं म्हणतात.”

“बघ. जनरल डब्यात हेच होते.”

दुसऱ्या दिवशी जर्मनीचे लिलिएन्थाल झाले. त्यांनी टेकडीवरून पंख बांधून सुमारे दोन हजार उड्या घेतल्या, हवा पंखाला कशी उचलते याची मोजमापं लिहून ठेवली, आणि पुढच्या सगळ्यांनी ती वाचली. हे मी जरा रंगवून सांगितलं.

“मग? पुढं काय झालं त्यांचं?”

खोटं बोलणं मला जमत नाही. “पडले. त्यातच गेले.”

बाबांनी पुष्करकडे बघितलं. “पाह्यलं? तुझी बायको मले हे सांगून विमानात बसवून राहिली.”

राईट बंधूंवर माझी भिस्त होती. १९०३, डिसेंबर महिना, वाळूचा किनारा, पहिलं यंत्राचं उड्डाण. बारा सेकंद. सदतीस मीटर.

“सदतीस मीटर!” बाबा खरोखर चकित झाले. मग मनाशी हिशेब केला. “म्हणजे साडेतीन वॅगन. एवढ्यासाठी एवढा बोभाटा? आमची मालगाडी शंटिंगमध्ये याच्यापेक्षा जास्त मागंपुढं होते.”

भारताची गोष्ट सांगितली तर आपलेपणा वाटेल म्हणून मी १९११ सालच्या टपालाकडे वळले. अलाहाबादहून नैनीपर्यंत हजारो पत्रं विमानाने नेली. जगातलं ते पहिलं सरकारी हवाई टपाल. यमुना ओलांडून, तेरा मिनिटांत.

“नैनी? अलाहाबादच्या पलीकडलं नैनी?” बाबा सरसावून बसले. मला वाटलं, जमलं. “अगं, तिथं यमुनेवर रेल्वेचा पूल होता ना तेव्हा! पत्रं गाडीनं गेली असती. काहून उडवली?”

पुष्कर चिवड्याचा ठसका लागून आत गेला.

असे दहा दिवस गेले. अटलांटिक झाला, जेट झालं, आत्याबाईंच्या टोमण्यातला चंद्रही झाला. बाबा सगळं मन लावून ऐकत होते, प्रश्न विचारत होते, पंखाची आकृती स्वतः काढून दाखवत होते. विमान कसं उडतं हे त्यांना माझ्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांपेक्षा चांगलं समजलं होतं. आणि तिकिटाचं नाव काढलं की ते चष्मा पुसायला लागत. माझं गृहीतक चुकलं होतं. कुठे, ते मात्र कळत नव्हतं.

अकराव्या दिवशी मी नवा टप्पा सांगितलाच नाही. सरळ विचारलं, “बाबा, तुम्हाला नेमकं काय पटत नाही?”

त्यांनी बशीतला चहा संपवला.

“विमानात गार्ड कुठं बसतो?”

“गार्ड नसतो. पुढे दोन पायलट असतात.”

“ते ड्रायव्हर झाले. मागं कोण आहे?”

“मागे... कोणी नाही.”

“हेच,” बाबा म्हणाले. “इतके दिवस तू मले इंजिनाच्या गोष्टी सांगून राहिली. उडणाऱ्याच्या. गाडी सोडतो कोण, अन् पूर्ण आली हे पाहतो कोण, ते एकदाही नाही सांगितलं.”

मग त्यांनी मला एक प्रसंग सांगितला, जो लग्नानंतरच्या बावीस वर्षांत मी ऐकला नव्हता. मे महिन्यातली दुपार होती. मालगाडी चढावर असताना दोन डबे जोडणारी मधली कपलिंग तुटली. इंजिन पुढचे डबे घेऊन निघून गेलं. ड्रायव्हरला पत्ता नाही. मागे अकरा डबे, गार्डची ब्रेकव्हॅन आणि बाबा, सगळे उन्हात उभे. तेव्हा वॉकीटॉकी नव्हते.

“पुढच्या स्टेशनच्या मास्तरनं गाडी जाताना शेपटीकडं पाह्यलं. शेवटच्या डब्यामागं लाल दिवा असते, तो नव्हता. म्हणजे गाडी पूर्ण आली नाही. त्यानं तिथंच सगळी लाईन थांबवली, मागून येणारी पॅसेंजर रोखली. नाही तर ती येऊन माझ्यावर बसली असती.” त्यांनी रिकामी बशी बाजूला सारली. “मी भिऊन नाही राहिलो, पोरी. पण ज्याच्या शेपटीकडं कोणी पाहत नाही, त्या गाडीत मी पाय नाही ठेवणार.”

हा प्रश्न माझ्या अभ्यासक्रमात नव्हता. मी दोन दिवस विचार केला आणि मग अनुश्रीला फोन लावला. ती माझी जुनी विद्यार्थिनी, आता रायपूरच्या विमानतळावर तंत्रज्ञ आहे. विमान आलं की तपासायचं आणि निघताना सोडायचं, हे तिचं काम. तिच्या घरी मराठी बोलतात. तिला सगळं समजतं, पण उत्तर ती हिंदीतच देते.

रविवारी ती आली. बाबांनी तिला तोंडी परीक्षेला बसवल्यासारखं समोर बसवलं.

“गाडी सोडतं कोण?”

“हम छोड़ते हैं, अंकल,” अनुश्री म्हणाली. “निकलने से पहले एक पूरा चक्कर लगाते हैं। नाक से पूंछ तक। दरवाज़े, पहिए, सब।”

“पूंछ तक?”

“पूंछ तक। फिर गाड़ी पीछे धकेलते हैं। तब अगले पहिए में एक पिन लगी रहती है, उसमें लाल रिबन बंधा होता है। बाद में पिन निकालकर मैं दूर जाकर खड़ी होती हूं, रिबन ऊपर करके कैप्टन को दिखाती हूं, फिर अंगूठा। कैप्टन हाथ हिलाता है। तब जाकर हिलता है जहाज़।”

बाबांच्या हातातला लाडू तसाच राहिला. “अन् तू अंगठा नाही दाखवला तर?”

“तो नहीं जाएगा।”

“कितीही मोठा साहेब आत बसला असला तरी?”

“कोई भी बैठा हो।”

“ऑल राईट,” बाबा हळूच म्हणाले. गार्ड आणि ड्रायव्हर गाडी निघताना एकमेकांना जी खूण करतात, तिला रेल्वेत हेच म्हणतात. मग त्यांना शेवटची शंका आठवली. “शेपटीले दिवा असते काय?”

“हव. बाएं पंख पर लाल, दाएं पर हरा, पूंछ पर सफ़ेद।”

“शेपटीले लाल पाहिजे.”

“सफ़ेद ही होता है, अंकल। पूरी दुनिया में।”

बाबांनी हातातला लाडू संपवला. “चालते,” ते म्हणाले. “पेटला पाहिजे.”

दुसऱ्या दिवशी ते पुष्करच्या स्कूटरवर मागे बसून सदर बाजारात गेले आणि मोरपंखी रंगाची साडी घेऊन आले.

“छान आहे,” मी म्हटलं. “पार्सलने पाठवायची ना?”

“पार्सलनं काहून? मी जाऊन राहिलो ना.”

भाऊबिजेला पुष्करची बहीण ऋता भिलाईहून येणार होती, म्हणून तो घरी थांबला. मी आणि बाबा निघालो. तिकीट काढताना बाबांनी मला अगदी शेवटची रांग घ्यायला लावली होती. “गार्डची जागा,” म्हणाले. डावीकडची खिडकी मात्र अनुश्रीने सुचवली होती.

सुरक्षा तपासणीत त्यांच्या कोटाच्या खिशातून घडी घातलेलं हिरवं कापड निघालं. जवानाने ते उलगडलं.

“ये क्या है, बाबूजी?”

“झंडी.”

“किस पार्टी की?”

एवढा अपमान बाबांचा कधी झाला नसेल. “रेलवे की!” ते म्हणाले. “छत्तीस साल की सर्विस है इसमें.”

जवानाने कापड नीट घडी घालून दोन्ही हातांनी परत केलं. “मेरे नाना भी रेलवे में थे,” तो म्हणाला.

“कुठं?” बाबा मराठीतच म्हणाले, आणि मागची रांग ताटकळली.

विमानात बसल्यावर बाबांनी पट्टा बांधला, पाठीमागे उशी घेतली आणि कपाळ खिडकीला टेकवलं. मी त्यांच्या हाताकडे बघत होते. तो कोटाच्या खिशावर होता. बाहेर चमकत्या जाकिटात अनुश्री विमानाभोवती चालत होती. पंखाखालून वाकून गेली, मागे आमच्या खिडकीखालून पुढे गेली, दिसेनाशी झाली, पुन्हा दिसली.

“शेपटीपर्यंत गेली पोट्टी,” बाबा म्हणाले.

विमान मागे सरकलं, थांबलं. दूर डाव्या बाजूला अनुश्री उभी होती. मान वाकडी केल्यावर ती दिसत होती, बोटाएवढी. तिने लाल रिबन वर धरली. मग अंगठा.

बाबांनी खिशातून हिरवी झेंडी काढली आणि खिडकीच्या काचेशी धरली, हात सरळ. अनुश्रीला ती दिसली की नाही, मला माहीत नाही. तिचा अंगठा तर कॅप्टनसाठी होता. पण विमान हललं ते त्यानंतर. हवाई सुंदरी सीट-पट्टे तपासत आमच्यापाशी आली, झेंडीकडे बघितलं आणि पट्टे नीट आहेत बघून वळली. शहाणी होती.

जमीन सुटली तेव्हा बाबांनी डोळे मिटले नाहीत. “किती सेकंद झाले?” त्यांनी विचारलं.

“बारा.”

“राईट,” बाबा म्हणाले. “आता याच्यापुढं सगळं नफ्यात.”

वाटेत त्यांनी दोन चकल्या खाल्ल्या, एकदा उठून पाठ सरळ केली आणि सगळ्यांच्या मागे उभे राहून डब्यातल्या, म्हणजे विमानातल्या, प्रवाशांवर नजर टाकली. पुण्यात उतरलो तेव्हा सूर्य नुकताच बुडाला होता. मागच्या दाराला शिडी लागली. शेवटच्या रांगेचे म्हणून आम्ही सगळ्यांत आधी उतरलो, पण बाबा बसकडे गेलेच नाहीत. चार पावलं बाजूला जाऊन त्यांनी मान वर केली. शेपटीच्या टोकाला पांढरा दिवा पेटलेला होता.

“सर, बस में बैठिए प्लीज,” खालची मुलगी म्हणाली.

“एक मिनट, बेटा. ड्यूटी.”

त्यांनी फोन काढून माझ्या हातात दिला. बारीक आकडे त्यांना दिसत नाहीत. मी नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

“कुठं आहेस?” पलीकडून आवाज आला. “मी ताट घेऊन गच्चीवर चालले. चंद्र दिसायला लागला इथं.”

“ताई,” बाबा म्हणाले, दिव्याकडे बघत. “गाडी पूर्ण आली.”

पलीकडे नाक ओढल्याचा आवाज, आणि लगेच नेहमीचा सूर. “मग तिथं काय उभा राहिलास? ये लवकर. ह्या चंद्राले सांगते, जा म्हणून.”

धावपट्टीच्या पलीकडे, पश्चिमेला, द्वितीयेची बारीक कोर लटकलेली होती.

“त्याला थांबवून ठेवा, आत्याबाई,” मी म्हटलं. “माझं ओवाळायचं राहिलंय.”