फुंकरीचा आकडा

शिवपुत्र बिराजदारने भाकरी सोडली त्याला पाच आठवडे झाले होते. भात नाही, फळ नाही, साखर नाही. सकाळी लोणी घातलेली कॉफी, दुपारी पनीर, रात्री परत पनीर नाहीतर पालक. कनिष्ठ महाविद्यालयात तो भौतिकशास्त्र शिकवायचा आणि आहारही प्रयोगासारखाच करायचा. मुठीत मावणारं एक यंत्र त्यानं मागवलं होतं. शिट्टी वाजेपर्यंत त्यात सावकाश फुंकायचं. अंगातली चरबी जळताना श्वासात जो ॲसिटोन येतो, तो ते मोजायचं. आकडा चढला की स्वारी खूश. मग तो आकडा मोबाईलवरच्या ग्रुपवर जायचा. तिथं एक ‘सर’ दोनशे माणसांना काय खायचं ते सांगत असत.

त्याची बायको श्रीदेवी पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. दुसऱ्या आठवड्यात तिनं चरबी जळताना रक्तात उतरणारे कीटोन मोजायचं लॅबमधलं मीटर घरी आणलं.

“अहो, फुंकरीवर काय भरवसा ठेवायचा? रक्तात बघू की.”

त्यानं बोट पुढं केलं. फुंकरीचा आकडा चौतीस, रक्तातला एक पूर्णांक सहा. दोन्ही ठीक.

“जुळतंय बघ,” तो म्हणाला. “मग रोज बोट कशाला टोचून घ्यायचं?”

तिलाही ते पटलं. पाचव्या आठवड्यापर्यंत वजन नऊ किलो उतरलं होतं, सात वर्षांचा मधुमेह आटोक्यात आल्यासारखा वाटत होता. डॉक्टरांनी दिलेली, साखर लघवीवाटे बाहेर काढणारी गोळी तो नेमानं घेत होता. डॉक्टरांना आहाराचं माहीत नव्हतं, सरांना गोळीचं माहीत नव्हतं. श्रीदेवीला दोन्ही माहीत होतं.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात सोलापुरात पारा त्रेचाळीसवर गेला आणि शिवपुत्रला मळमळायला लागलं. उन्हाचं असेल, असं दोघंही म्हणाले. त्याच दिवशी फुंकरीचा आकडा अकरावर आला. त्यानं ग्रुपवर विचारलं. सरांचं उत्तर आलं, ‘कुठंतरी कार्ब गेलेत. दोन दिवस फक्त पाणी.’

दुसऱ्या दिवशी आकडा आठ झाला. तो चिडला. पाणीसुद्धा मोजून प्यायला लागला. श्रीदेवीच्या मात्र एक गोष्ट लक्षात आली. आकडा उतरत होता आणि त्याच्या तोंडाचा वास वाढत होता. नेलपॉलिश काढायच्या औषधासारखा, गोडसर, डोक्यात जाणारा. तो खोलीतून उठून गेला तरी वास मागं राहायचा.

शनिवारी दुपारी ती लॅबमधून आली तेव्हा तो कूलरसमोर फरशीवर बसला होता. पाठ भिंतीला, तोंड उघडं. जिना चढून आल्यासारखे खांदे वरखाली होत होते.

“काय होतंय?”

“काही नाही. दम लागतोय... जरा.”

तिनं आधी साखर बघितली. एकशे बावन्न.

“चांगली आहे की,” तो म्हणाला. एवढं बोलायला त्याला दोनदा थांबावं लागलं.

तिलाही क्षणभर हायसं वाटलं. पुढं कितीतरी दिवस तिला त्या क्षणाचीच लाज वाटत राहिली. मग तिनं पर्समधून कीटोनचं मीटर काढलं, त्यात पट्टी घातली आणि त्याचं बोट टोचलं. दहा सेकंद गेले. सहा पूर्णांक दोन. तीनच्या वर धोका असतो.

“पट्टी खराब झाली असंल,” तो म्हणाला. “उन्हात... पर्समध्ये राहून. हे बघ, यात आज सहाच... म्हणजे काहीच नाही.”

त्याच्या बोलण्यात तथ्य असू शकत होतं. पट्ट्या उन्हानं बिघडतात, हे तिनंच त्याला सांगितलेलं. तिनं नवी पट्टी उघडली आणि स्वतःचं बोट टोचलं. शून्य पूर्णांक एक. परत त्याचं घेतलं. सहा पूर्णांक पाच.

मीटर बरोबर होतं.

“फुंका बरं एकदा. माझ्यासमोर.”

त्यानं यंत्र तोंडाला लावलं. दोन सेकंदांत फुंकर तुटली, श्वास घ्यायला तोंड बाजूला गेलं. परत लावलं, परत तुटली. तिसऱ्यांदा कशीबशी शिट्टी वाजली. आकडा पाच. छातीच्या तळातला श्वास त्या यंत्रापर्यंत पोचतच नव्हता. माणसाला धड फुंकता येत नव्हतं म्हणून आकडा उतरत होता, आणि उतरला म्हणून तो उपाशी राहत होता.

तिनं पायात चपलाही घातल्या नाहीत. कोपऱ्यावरून रिक्षा बोलावली.

दवाखान्यातला तरुण डॉक्टर म्हणाला, “ऊन लागलंय. सकाळपासूनचे हे सातवे.”

“कीटोन साडेसहा आहेत, डॉक्टर. धमनीतलं रक्त घ्या, आम्ल किती झालंय ते बघा.”

“पण मॅडम, साखर दीडशे. तसं काही असतं तर चारशे-पाचशे असती.”

“घ्या तुम्ही. मग मला काय म्हणायचं ते म्हणा.”

रिपोर्ट बघताच डॉक्टर खुर्चीतून उठला. त्यानं सिस्टरला हाक मारली. पडदे ओढले गेले, दुसऱ्या हाताला सुई लागली. इन्सुलिन आणि ग्लुकोज बरोबरच सुरू झालं. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आला.

“कोणती गोळी चालू होती?”

तिनं नाव सांगितलं.

“आणि भाकरी-भात बंद?”

“पाच आठवडे. दोन दिवसांपासून तर काहीच नाही.”

“गोळी साखर बाहेर टाकत राहिली, म्हणून साखर वाढलेली दिसली नाही. रक्तात आम्ल भरत गेलं. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर...” त्यानं वाक्य सोडून दिलं.

शिवपुत्र नीट भानावर आला तो तिसऱ्या दिवशी. ओठ फुटले होते. “मी आकडा बघत होतो, श्री,” तो म्हणाला आणि भिंतीकडं वळला.

तिनं त्याचा मोबाईल घेतला आणि झालेलं सगळं ग्रुपवर लिहिलं. चार मिनिटांत ते पुसलं गेलं, शिवपुत्रचा नंबरही ग्रुपमधून काढला गेला. पण लिहिण्याआधी तिनं वरचं वाचलं होतं. मोहोळच्या देवयानी नावाच्या बाईनं आदल्या दिवशी विचारलं होतं, ‘सर, रीडिंग एकोणतीसवरून नऊवर आलंय. मळमळ आहे, दमही लागतो. काय करू?’ खाली सरांचं उत्तर होतं. दोन दिवस फक्त पाणी.

त्या बाईचा नंबर तिनं हातावर लिहून घेतला होता. वॉर्डच्या बाहेर येऊन तिनं तो लावला. बराच वेळ वाजल्यावर एका म्हाताऱ्या बाईनं उचलला.

“कोण पायजे?”

“देवयानीताई आहेत का?”

“मी तिची सासू. निजलीय की ती. सकाळपास्नं हाका मारतीय, नुसतं हुं म्हणती. श्वास लई जोरात चाललाय बगा.”

“आजी, शुगरची गोळी घेतात का त्या?”

“व्हय. नवी दिलीय, दोन म्हैनं झालं.”

“आजी, ऐका. आत्ताच्या आत्ता गाडी बोलवा. सोलापूरला आणा, मी दवाखान्यातच थांबते. घरात कोण आहे?”

“कोण न्हाय. समदी रानात गेल्याती.”

“शेजारी कुणाला तरी हाक मारा. फोन ठेवू नका.”

फोन कुठंतरी टेकवल्याचा आवाज आला. म्हातारी ओरडत अंगणात गेली, तिचा आवाज लांब लांब जात राहिला. मग फोनमध्ये बोलण्याचा आवाज उरला नाही. श्रीदेवीनं मोबाईल कानाला घट्ट दाबला. तिकडच्या खोलीतून निजलेल्या देवयानीचा श्वास ऐकू येत होता, भरभर, खोल, न थांबणारा. ती तो मोजत उभी राहिली.